विश्लेषण : शेतात ‘फोर बाय फोर’ गाडी किती कामाची? ट्रेलर जोडल्यावर ब्रेक, विमा आणि कराचे गणित कसे बदलते?

पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल, कोकणातला जांभ्याचा खडा चढ किंवा ऊसतोडणीच्या हंगामात फडातून डांबरी रस्त्यापर्यंतची ओली वाट, अशा ठिकाणी चारही चाके ओढणारे वाहन हवेसे वाटणे साहजिक आहे. ट्रॅक्टर, पिकअप आणि जीपवर्गीय गाड्या या तिन्हींत आता ‘फोर बाय फोर’ पर्याय मिळतात. मात्र ही सोय वाहन रुतू नये यासाठी आहे, भरलेली ट्रॉली थांबवण्यासाठी नाही. शेतावरचे गंभीर अपघात बहुधा वाहन अडकल्याने नव्हे, तर ते वेळेत न थांबल्याने किंवा उलटल्याने होतात. कर, कर्ज आणि विमा यांचे नियमही वाहनाच्या ताकदीवर नव्हे, तर त्याच्या वर्गावर ठरतात. म्हणून खरेदीपूर्वी हे सगळे गणित एकत्र मांडणे गरजेचे ठरते.

जीप मुळात शेतीसाठी होती का?

मुळात नाही, पण ती फार लवकर शेतात आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली विलीज जीप युद्ध संपताच शेतकऱ्यांकडे वळवण्यात आली. १९४५ मध्ये आलेल्या ‘सीजे-२ए’ या नागरी जीपला पॉवर टेक-ऑफ, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर बाहेरची यंत्रे फिरवणारा ‘पीटीओ’ बसवून घेता येत असे. ब्रिटनमधील रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर अशीच युद्धकालीन जीप वापरत. तिच्या जागी दुसरे काय घ्यावे, या प्रश्नातून लँड रोव्हर जन्माला आली आणि एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. जर्मनीत त्याच सुमारास आलेल्या युनिमॉगच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १२७० मिलिमीटर ठेवण्यात आले होते, कारण ते बटाट्याच्या दोन ओळींच्या अंतराशी जुळत होते.

भारतातील धागा मुंबईतून सुरू होतो. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या आणि १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालेल्या कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९६३ मध्ये याच समूहाने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टरची कंपनी काढली. पुढे दोन्ही वाहनांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मशागत ट्रॅक्टरकडे गेली. माणसे आणि हलका माल जीपकडे राहिला. आज शोरूममध्ये मिळणाऱ्या जीपवर्गीय गाडीला पीटीओ नसतो, अवजार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्टही नसते. ती शेतापर्यंत नेते, शेत कसत नाही. हा फरक विसरला की पहिली चूक तिथेच होते.

‘फोर बाय फोर’ म्हणजे नेमके काय?

पहिला आकडा एकूण चाकांचा आणि दुसरा इंजिनाची ताकद पोहोचणाऱ्या चाकांचा. साध्या गाडीत ही ताकद दोनच चाकांना मिळते. ‘फोर बाय फोर’मध्ये ट्रान्सफर केस नावाच्या गिअरपेटीतून ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अ‍ॅक्सलकडे जाते. जीपवर्गीय गाड्यांत साधारण तीन पर्याय असतात. ‘टू-एच’ हा नेहमीच्या रस्त्यासाठी. ‘फोर-एच’ हा ओल्या, निसरड्या कच्च्या वाटेसाठी. ‘फोर-एल’ हा खडा चढ, उतार आणि गाळासाठी. ‘फोर-एल’मध्ये वेग कमी होतो, पण चाकांवरचा जोर दोन ते अडीच पट वाढतो.

अशा गाड्यांत फोर बाय फोर जोडले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तशी संधी नसते, त्यामुळे ताण शाफ्ट, गिअर आणि टायरवर येतो. म्हणून डांबरी लागताच फोर बाय फोर काढणे हा नियम आहे. ‘पैसे देऊन घेतले आहे, मग चालू ठेवू,’ हा विचार गिअरपेटीच्या मुळावर येतो.

ट्रॅक्टरमध्ये त्याने किती फरक पडतो?

बराच. दोनचाकी ओढीच्या ट्रॅक्टरचे साधारण दोन तृतीयांश वजन मागच्या चाकांवर असते. पुढचे एक तृतीयांश वजन ओढीच्या कामाला येत नाही. पुढची चाके फक्त दिशा देतात. फोर बाय फोरमध्ये सगळे वजन ओढायला लागते. ओल्या जमिनीत रोटाव्हेटर किंवा पल्टी नांगर चालवताना, चिखलणी करताना चाकांची घसरण कमी होते. डिझेल आणि टायरची झीज वाचते ती तिथेच. नाशिकच्या द्राक्षबागांत लहान, अरुंद बांध्याचे फोर बाय फोर ट्रॅक्टर पसंत केले जातात, तेही याचसाठी. पावसानंतर बाग ओली असली तरी ब्लोअर घेऊन दोन ओळींतून जाणे आणि फवारणी वेळेत उरकणे त्यांना जमते. तिथे एक दिवस उशीर म्हणजे डाऊनी मिल्ड्यूला निमंत्रण.

पण कोरड्या, सपाट रानात वर्षातील बहुतेक काम असेल, तर हा फायदा झपाट्याने घटतो. पुढचा अ‍ॅक्सल, त्याचे गिअर, सील आणि तेल यांचा खर्च मात्र सुरूच राहतो. शिवाय पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील, अशी या ट्रॅक्टरची रचना असते. पुढे किंवा मागे वेगळ्या मापाचे टायर बसवले, तर हे प्रमाण बिघडते आणि महागडे भाग झिजतात. टायर बदलताना दुकानदाराचा नव्हे, तर कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा पाहावा.

गाळात टायर मोठा की गिअर?

अनेकदा टायर. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चाकाला चिकटून राहते. टायरच्या खाचा भरल्या की चाक गुळगुळीत होते आणि मग चारही चाके जागच्या जागी फिरतात. खोल खाचांचे, माती झटकणारे टायर आणि योग्य हवा असेल, तर दोनचाकी ओढीचे वाहनही पुष्कळदा निघते. शेतात हवा थोडी कमी ठेवली की टायर जमिनीवर जास्त पसरतो. रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढताना मात्र ती पुन्हा वाढवावी लागते. कमी हवेच्या टायरवर वजन घेऊन वेगाने गेल्यास तो तापून फुटू शकतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवण्याची गावोगावची पद्धतही ओढीसाठी उपयोगी आहे, पण त्याने जमीन जास्त दबते. ओल्या रानात जड वाहन फिरवून झालेला दाब पुढच्या पिकाच्या मुळांना भोगावा लागतो. म्हणजे ‘गाडी जाते’ एवढ्यानेच ती नेणे शहाणपणाचे ठरत नाही.

मग भरलेली ट्रॉली थांबवते कोण?

हा या विषयातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न. समजा, अडीच टनांचा ट्रॅक्टर आठ टनांची भरलेली ट्रॉली ओढतो आहे. दर १० मीटरला एक मीटर उतार असेल, तर एकूण साडेदहा टनांपैकी सुमारे एक टनाचा जोर सतत खाली ढकलत असतो. ट्रॉलीला चालू ब्रेक नसतील, तर तो सगळा जोर अडीच टनांच्या ट्रॅक्टरला एकट्याने अडवावा लागतो. त्यात वेग ताशी २० वरून ४० किलोमीटर झाला, तर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. फोर बाय फोर जोडलेले असेल, तर पुढची चाकेही त्या साखळीत येतात आणि कच्च्या उतारावर थोडी मदत होते. पण मागून ढकलणाऱ्या ट्रॉलीवर तो उपाय नाही. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटते, दांडा तिरका होतो आणि दोन्ही वाहने कात्रीसारखी दुमडतात. यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे ट्रॉलीचे स्वतःचे ब्रेक. काही ट्रॉल्यांत दांडा मागे दाबला गेला की आपोआप लागणारे ब्रेक असतात, तर काहींत ट्रॅक्टरवरून हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने चालणारे असतात. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेल्या ट्रॉलीत फाळके आणि पाटे भक्कम असतात, पण ब्रेक मात्र नसतात किंवा नावालाच असतात.

दुसरा धोका ट्रॅक्टरच्या ब्रेक पॅडलचा. शेतात बांधाशी वळण्यासाठी डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे दाबता येतात. रस्त्यावर येताना ही दोन पॅडल जोडणारी कडी लावली नाही आणि घाईत एकच पॅडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला ओढला जातो. तिसरी सवय डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची. त्यात इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

ट्रॉली भरताना आणि जोडताना काय पाहावे?

दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार दांड्यावरून ट्रॅक्टरवर येतो. हा भार माफक असेल, तर मागच्या चाकांची पकड वाढते. माल पुढे जास्त झाला, तर ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलके होऊन स्टिअरिंग दाद देत नाही. माल मागे जास्त झाला, तर दांडा वर उचलला जातो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली डोलू लागते. म्हणून जड पोती किंवा क्रेट अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे आणि तळाला ठेवावेत. ऊस, कडबा, सोयाबीनचे भूस यांसारखा उंच भरला जाणारा माल वजनाने कमी वाटला, तरी त्याचा तोल उंचावर जातो आणि बांधावरून एक चाक उतरले की ट्रॉली कलंडते.

ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. वरच्या लिंकला किंवा मागच्या अ‍ॅक्सलपेक्षा उंच ठिकाणी साखळी बांधून रुतलेले वाहन ओढायला गेल्यास ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटा पडू शकतो. हे इतक्या झपाट्याने घडते की क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. पिनला खालून लॉक असावे आणि दांड्यासोबत वेगळी साखळी असावी. जोडणी करताना दोन वाहनांच्या मध्ये माणूस उभा असताना ट्रॅक्टर मागे घेऊ नये. अनेक हात आणि पाय याच क्षणी जायबंदी होतात.

जीप किंवा पिकअपला ट्रेलर जोडता येतो का?

तांत्रिकदृष्ट्या येतो, पण मर्यादा कडक आहेत. गाडी किती वजन ओढू शकते, हे इंजिनावर नव्हे, तर चासी, ब्रेक, क्लच आणि गाडीच्या स्वतःच्या वजनावर ठरते. कंपनीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिली असेल, तर तीच अंतिम. ती दिली नसेल, तर त्या गाडीला ट्रेलर जोडू नये. बंपरला वेल्डिंग करून हूक लावणे सर्वात धोकादायक, कारण बंपर भार घेण्यासाठी बनलेला नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. लिलावातून किंवा सुटे भाग जमवून तयार केलेली जुनी जीप स्वस्त मिळते, पण चासी आणि इंजिन क्रमांक कागदांशी जुळत नसतील, तर ती रस्त्यावर आणता येत नाही.

कायदा ट्रेलरकडे कसा पाहतो?

वेगळे वाहन म्हणून. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते. कृषी ट्रॅक्टर केंद्रीय नियमांत बिगरवाहतूक वाहन मानला जातो. शेतीच्या मालासाठी ट्रॉली ओढणे त्याच्या व्याख्येत बसते. वाळू, विटा, मुरूम भाड्याने वाहणे बसत नाही. पिकअप हे मालवाहू, म्हणजे वाहतूक वाहन. त्याला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. पांढऱ्या पाटीची खासगी जीप घरच्या वापरासाठी आहे, भाड्याने माल नेण्यासाठी नाही.

परवान्याबाबतचा जुना गोंधळ मात्र मिटला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय दिला, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला ७५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. ट्रॅक्टरही, त्याचे रिकामे वजन या मर्यादेत असल्यास, हलक्या वाहनांत मोडतो. दंड मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर जड झाले आहेत. मर्यादेपेक्षा जास्त माल असल्यास २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २ हजार. घरातील अल्पवयीन मुलगा ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आला आणि गुन्हा घडला, तर पालक किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाहनाची नोंदणीही १२ महिन्यांसाठी रद्द होते. ‘पोरगा लहानपणापासून चालवतो’ हे कौतुक न्यायालयात उपयोगी पडत नाही.

अपघात झाल्यास विमा मिळतो का?

ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचाही आहे, हा सर्वात महाग गैरसमज. ट्रेलर पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो आणि त्याचा हप्ता वेगळा असतो. त्याहून गंभीर प्रश्न माणसांचा. ट्रॅक्टरवर जागा एकट्या चालकाची असते. मडगार्डवर बसलेला सोबती किंवा ट्रॉलीतल्या मालावर बसलेले मजूर विम्याच्या कक्षेबाहेर राहण्याची शक्यता मोठी असते.

सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये आलेले ब्रिजमोहन प्रकरण याचे उदाहरण. वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरून पडून एक मजूर जखमी झाला. ट्रॅक्टर शेतीकामासाठी वापरला जात नव्हता आणि मजूर हा पॉलिसीत समाविष्ट असलेला प्रवासी नव्हता. त्यामुळे विमा कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मजुराची परिस्थिती पाहून न्यायालयाने विशेष अधिकार वापरले आणि कंपनीने आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. म्हणजे शेवटी भार मालकावर. ज्याची जमीन दोन-तीन एकर आहे, त्याच्यासाठी अशी एक वसुली म्हणजे जमीन विकण्याची वेळ. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेला निघालेले गाव किंवा शेतमजूर महिलांची टोळी ट्रॉलीत बसवण्यापूर्वी हा हिशेब आठवायला हवा. मालकाच्या हिशेबाआधी अर्थातच त्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

करात ‘फोर बाय फोर’ला सवलत आहे का?

नाही. कर वाहनाच्या वर्गावर ठरतो, वापरावर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार ट्रॅक्टरवर १२ ऐवजी ५ टक्के, तर ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवर १८ ऐवजी ५ टक्के कर आहे. शेतीसाठीच्या, माल स्वतः भरणाऱ्या किंवा रिकामा करणाऱ्या ट्रेलरवरही ५ टक्के. मालवाहू पिकअपवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. प्रवासी गाड्यांत मात्र चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतचे इंजिन अशा दोन्ही अटी पाळणाऱ्या गाडीलाच १८ टक्के दर मिळतो. थार, जिम्नी किंवा गुरखा यांच्या फोर बाय फोर आवृत्त्यांचे इंजिन या मर्यादेपेक्षा मोठे असल्याने त्यांवर ४० टक्के कर लागतो. एकच डोंगरी वाट आणि त्याच आंब्याच्या पेट्या. पण त्या वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ५, पिकअपवर १८ आणि जीपवर ४० टक्के. सरकारच्या लेखी जीप अजूनही हौसेची वस्तू आहे.

हप्त्याचे गणित कसे मांडावे?

समजा, गाडी १२ लाखांची आहे आणि ९ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १९ हजार १०० रुपये होतो, म्हणजे वर्षाला जवळपास २ लाख ३० हजार. पाच वर्षांत व्याजच सुमारे अडीच लाख. गाडी शेतीच्या कामासाठी वर्षाला १०० दिवस लागली, तर डिझेल, विमा आणि दुरुस्ती धरण्याआधीच दिवसाला २३०० रुपये पडतात. त्यातही खरोखर फोर बाय फोर जोडावे लागेल असे दिवस ३० असतील, तर उरलेल्या दिवसांत साधी गाडी चालली असती. ज्या दिवसांत ती नसती तर माल अडकला असता, ते दिवस आणि त्या मालाची किंमत वहीत लिहून काढली की निर्णय सोपा होतो.

हप्त्याची वेळही पाहावी. ट्रॅक्टरच्या कर्जात पीक हाती येण्याच्या वेळेनुसार सहामाही हप्ते मिळू शकतात. गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो, मग सोयाबीन घरात असो वा नसो. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवर मोठा फोर बाय फोर ट्रॅक्टर एकट्याने पोसणे कठीण. तो तिघा-चौघांत मिळून घेणे, अवजार बँकेतून भाड्याने आणणे किंवा स्वतःचे काम सांभाळून इतरांची मशागत करणे, असे मार्ग उरतात. शासनाची यांत्रिकीकरणाची अनुदाने महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात. ती ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी आहेत, जीपसाठी नाहीत.

देखभालीत काय चुकते?

फोर बाय फोर महिनोन्महिने जोडलेच नाही, तर त्याचे भाग कोरडे पडतात आणि ऐन पावसाळ्यात लिव्हर अडकतो. महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर ते जोडून थोडे अंतर चालवावे. ओढ्यातून किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर डिफरेन्शियलचे तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे आणि तेल लगेच बदलायला हवे. ट्रॉलीकडे तर वर्षभर कोणी पाहत नाही. हंगामापूर्वी चाकांच्या हबमधील बेअरिंगला ग्रीस, पाट्यांचे यू-बोल्ट, दांड्याच्या डोळ्याची झीज, पिन आणि ब्रेक एवढे तपासायला अर्धा दिवस पुरतो. मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर हा सर्वात स्वस्त विमा. अंधारात उभ्या किंवा संथ चाललेल्या ट्रॉलीवर मागून आदळणारा दुचाकीस्वार बहुधा त्याच पंचक्रोशीतला असतो.

मग कोणी काय घ्यावे?

सपाट, कोरडवाहू रान आणि मध्यम मशागत असेल, तर दोनचाकी ओढीचा ट्रॅक्टर, चांगले टायर आणि ब्रेक असलेली ट्रॉली पुरेशी आहे. ओली बागायत, भातखाचर, द्राक्षबाग किंवा चढाची जमीन असेल, तर फोर बाय फोर ट्रॅक्टर पैसे वसूल करतो. रोज बाजारपेठेत माल न्यायचा असेल, तर पिकअप. कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत बाग आहे, वाट खडी आहे, पावसाळ्यात आजारी माणसालाही त्याच वाटेने खाली न्यावे लागते, तिथे फोर बाय फोर जीप चैन ठरत नाही. पण ती ट्रॅक्टरच्या जागी नव्हे, ट्रॅक्टरच्या जोडीला लागते.

एक प्रश्न मात्र वाहनाने सुटत नाही. शेतापर्यंतची वाटच चार महिने बंद राहत असेल, तर प्रत्येक घराने वेगळी महागडी गाडी घेण्यापेक्षा खडीकरण झालेला पाणंद रस्ता सर्वांनाच स्वस्त पडतो. राज्यात २०२१ मध्ये त्यासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू झाली. बांधावरची अतिक्रमणे आणि भाऊबंदकीचे वाद मिटवून गावाने असा एक रस्ता करून घेतला, तर साधा ट्रॅक्टरही पावसाळ्यात शेतापर्यंत पोहोचतो. रस्ता नसेल आणि गाडी घ्यायचीच असेल, तर शोरूममध्ये ‘चढते किती?’ या प्रश्नाआधी ‘भरलेल्या ट्रॉलीसह थांबते कुठे?’ हे विचारावे.